जॅकला लावलेलं वंगण

माझी पहिली नोकरी एका गाडीत होती. बसएवढी लांब गाडी, आत छातीचा एक्स-रे काढायचं यंत्र, मागे झोपायला दोन बाकं आणि गॅसची शेगडी. सातारा जिल्ह्यातल्या गावांत ती फिरायची. गावात पोचलं की गाडीच्या पोटाखालचे चार हायड्रॉलिक जॅक खाली सोडायचे, गाडी समपातळीत आणायची आणि मगच यंत्र सुरू करायचं. निघताना चारही जॅक वर घ्यायचे. एक जरी अडकला तरी गाडी जागची हलत नाही.

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. सांगलीच्या कोरड्या पूर्व भागातलं आमचं गाव. हंगामात वडील बैलगाडीने साखर कारखान्याला ऊस वाहायचे. बी.एस्सी. आणि पुढे एक्स-रेचा कोर्स झाला तो शाळेतल्या मास्तरांमुळे. त्यांनी स्वतः येऊन वडिलांची समजूत काढली होती. म्हणून ती नोकरी मला फार मोठी वाटायची.

गाडीचे चालक निवृत्त फौजी होते. पलटणीत त्यांचा हुद्दा नायकाचा होता, पण आमच्याकडे निवृत्त फौजीला सगळे मेजरच म्हणतात. ते मला बीएस्सी म्हणायचे. उत्तरेकडच्या बर्फात त्यांनी वीस वर्षं गाड्या सांभाळल्या होत्या. थंडीत जॅककडे ते तान्ह्या मुलासारखं लक्ष द्यायचे. दवाने भिजलेल्या मातीत पाय रुतू नयेत म्हणून प्रत्येक जॅकखाली जाड फळी. सकाळी पंप थोडा वेळ नुसता चालवायचा, म्हणजे गारठलेलं तेल सैल होतं. आणि वर घेण्याआधी जॅकचे चकचकीत दांडे कोरड्या फडक्याने पुसायचे.

त्या वर्षी त्यांनी साठी ओलांडली होती. कार्यालयाला तरुण चालक हवा होता. जानेवारीअखेर एकही तक्रार आली नाही तर आणखी एक वर्ष देऊ, असं कार्यालयातल्या साहेबांनी त्यांना सांगितलं होतं. घरी बसलो की गुडघे धरतात आणि माणूस संपतो, असं ते मला दोनतीनदा म्हणाले होते. ते वर्ष त्यांना किती हवं होतं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

जानेवारीत आम्ही कोयनानगरजवळ होतो. मेजरांच्या उसाला तोड आली म्हणून ते दहा दिवस गावी गेले. बदली चालक फक्त गाडी चालवायचा, जॅक माझ्याकडे आले. जाताना मेजरांनी बजावलं, रोज पुसायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही.

कोयनेच्या खोऱ्यात थंडी अंगात शिरते. दुसऱ्याच सकाळी जॅक कण्हत, रेंगाळत वर आले. मला वडिलांची आठवण झाली. कडाक्याच्या थंडीत बैलगाडीचा आस कुरकुरला की ते डब्यातलं वंगण बोटांनी भरभरून लावायचे, आणि चाक गपगार फिरायचं. मी बाजारातून ग्रीसचा डबा आणला आणि चारही दांड्यांना जाड थर दिला. पुढच्या वेळी जॅक सुरळीत वर आले. मला अभिमान वाटला. मग मी रोज लावत गेलो, आणि पुसायचं सोडून दिलं.

मेजर परतले त्या सकाळी साहेबही पाहणीला आले होते. गाडी पुढच्या गावी न्यायची होती. तीन जॅक कसेबसे वर गेले. मागचा डावा अर्ध्यावर अडकला आणि त्याच्या बुडाशी तेल पाझरू लागलं. थंडीत घट्ट झालेल्या ग्रीसला लाल माती चिकटली होती, आणि तिच्या खड्यांनी आतलं, तेल अडवणारं सील कापलं होतं. पुढच्या गावात माणसं सकाळपासून रांगेत बसून राहिली.

मेजर गुडघ्यावर बसले. दांड्यावरून बोट फिरवलं, हुंगलं आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

साहेबांनी विचारलं, "मेजर, जॅक कोण बघतं?"

"मीच बघतो, साहेब."

"हे ग्रीस कुणी फासलं?"

मेजर बोटं फडक्याला पुसत राहिले. खूप सावकाश पुसत होते. मी दोन पावलांवर उभा होतो. मला वडील दिसले, मास्तर दिसले, आणि माझी नोकरी दिसली. मी खाली बघितलं.

साहेबांनी वहीत मेजरांच्या नावापुढे काहीतरी लिहिलं. महिनाअखेर मेजर पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन गेले. जाताना त्यांनी जॅक पुसायचं फडकं धुऊन गाडीच्या आरशाला वाळत घातलं होतं.

दोन हिवाळे गेल्यावर मी रहिमतपूरजवळच्या त्यांच्या गावी गेलो. ते अंगणात उन्हाला खुर्ची टाकून बसले होते, गुडघ्यांना लोकरी पट्ट्या गुंडाळलेल्या. माझ्यासाठी चहा सांगितला. चहा होईपर्यंत मी कसंबसं बोललो.

"आवं मेजर, ते ग्रीस मी लावलं होतं."

"म्हाईत हाय. तुज्या बाह्यांना लागलं हुतं की."

"मग साहेबांना का नाही सांगितलं?"

"मी कशाला सांगू, बीएस्सी? तू बोलशील म्हणून वाट बघत हुतो. लय येळ बघितली."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी माफी मागितली. त्यांनी बशीतला चहा संपवला. मग मागचा डावा जॅक अजून पाझरतो का, असं त्यांनी विचारलं. सील बदललंय, आता रोज मीच पुसतो, असं मी सांगितलं.

"मग झालं," ते म्हणाले.

ऊन सरकलं होतं. ते उठायला लागले तसा मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. खुर्चीच्या पाठीला धरून दोनदा प्रयत्न करून उठले आणि खुर्ची उन्हात ओढून पुन्हा बसले.