ताईने रंगवलेला पडदा

अन्याय माझ्या ताईवर झाला. ती बारावी झाली त्या वर्षी, गणपती बसण्याच्या आदल्या संध्याकाळी. आज आमच्या इंद्रपुरी वसाहतीच्या मंडपात डिस्टेंपरचा ओला वास आला आणि तेव्हाची ताई डोळ्यांसमोर आली: शिडीवर चढून गणपतीमागचा पडदा रंगवणारी, कोपरापर्यंत निळी.

खाली चहा पिणारे काका म्हणाले, "वा! काय हात आहे पोरीचा!"

"मग बाबांना सांगा ना, मला चित्रकलेच्या कॉलेजात घाला."

सगळे हसले, बाबासुद्धा. "बेटा, शौक ठीक आहे. पण बी.कॉम. कर."

तेव्हा मला ते लाड वाटले. आता कळतं, त्यांना पडदा हवा होता, चित्रकार नको होती. ताईने पुन्हा ब्रश धरला नाही.

यंदाचा पडदा शेजारची सानिका रंगवतेय. मंडळींनो, तिला नुसतं "वा" म्हणू नका. तिच्या बाबांना आजच, मंडपात सगळ्यांसमोर सांगा: हिला चित्रकलाच शिकू द्या.