टोप्या धुणाऱ्याची रकिया

उत्तर नायजेरियातल्या आमच्या कानो शहरात आपली टोपी घरी धुणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. भरतकामाची टोपी धुवायची, खळ द्यायची, लाकडी साच्यावर चढवून वाळवायची, हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. आमच्या गल्लीत ते इनुवा करतो. टोपी वाळेपर्यंत त्याला दुसरं काम नसतं, म्हणून तो लिहितो. एक कादंबरी तो बारा वर्षं लिहीत होता. तेवढ्यात मी नऊ छापल्या. त्यामुळे आम्हा दोघांतला खरा लेखक कोण, याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती.

आमचं लेखक मंडळ रविवारी दुपारच्या नमाजानंतर शाळेच्या एका वर्गात भरतं. पहिलीच्या बाकांवर हनुवटीला गुडघे लावून बारा-तेरा साहित्यिक बसतात. अध्यक्षबाई हाजिया बलरबा कोसई घेऊन येतात, चवळीची गरमागरम भजी, त्यामुळे साहित्याला हजेरी चांगली असते. आम्ही पुस्तकं आपापली छापतो, म्हणून एकमेकांना धरून असतो. कुणी छापखान्यात ओळख काढून देतं, कुणी मुखपृष्ठासाठी भाचीचा फोटो देतं. प्रुफांचा मात्र कडक नियम आहे: स्वतःची प्रुफं स्वतः तपासायची नाहीत, दुसऱ्यानं तपासायची. आणि त्यानं चुकलेली अक्षरं तेवढी सुधारायची, गोष्टीबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

हा दुसरा भाग माझ्या आग्रहानं आला. माझ्या तिसऱ्या कादंबरीची प्रुफं परत देताना इनुवा म्हणाला होता, "लवान, तुझी नायिका पानापानाला रडते. हिला पाणी कोण पाजतं?"

गेल्या वर्षी इनुवानं मला तीन निळ्या वह्या आणून दिल्या. म्हणाला, "शेवटच्या दोन माझ्याकडे आहेत. या आधी वाच. छापण्यासारखं असेल तर सांग. नसेल तर हे लिहिणं थांबवतो. टोप्या आहेतच."

मी त्या माझ्या वह्यांच्या ढिगावर ठेवल्या. दोन महिने गेले. टोपी द्यायला गेलो की तो काही विचारायचा नाही, नुसता माझ्याकडे बघायचा. ते बघणं सहन होईना तेव्हा मी ज्येष्ठ लेखकाच्या आवाजात म्हणालो, "चांगलं आहे. जरा हात फिरवायला हवा."

पहिलं पानसुद्धा मी उघडलं नव्हतं.

पुढे त्यांच्यावर माझ्या आणखी वह्या साचल्या आणि माझी दहावी कादंबरी लिहून झाली. मंडळातली, आम्हा सगळ्यांचं टंकलेखन करणारी तलातू वह्या न्यायला आली तेव्हा मी घरी नव्हतो. बायकोनं अख्खा ढीग तिच्या हवाली केला. प्रुफं तपासायची पाळी इनुवाची होती. चार दिवसांत त्यानं ती परत केली, मुकाट्यानं. मी मनात म्हटलं, जळला.

पुस्तक बाजारात आलं आणि फोन सुरू झाले. आमच्याकडे पुस्तकामागे लेखकाचा नंबर असतो, आणि लेखकाला लोक मालम, म्हणजे गुरुजी, म्हणतात.

"मालम लवान का? मी कात्सिनाहून बोलतेय. तुमची ती रडकी नायिका झुलाई राहू द्या बाजूला. रकियाचं पुढे काय झालं?"

"कुठली रकिया?"

"अहो, तुमचीच. नवऱ्याची दुसरी बायको. सवतीचं आजारी पोर पाठीला बांधून दवाखान्यात चालत जाते ती. वाचता वाचता माझा भात करपला."

"पुढच्या भागात येईल," मी म्हणालो.

आठवड्यात अकरा बायकांचे फोन आले, सगळे रकियासाठी. बायकोला मी समजावलं, काही पात्रं लेखकाच्या हातून इतकी सहज उतरतात की त्याची त्यालाच आठवत नाहीत. ती म्हणाली, "तुम्हाला चप्पल कुठे काढली तेही आठवत नाही."

मग रेडिओवरून बोलावणं आलं. बायकांच्या कार्यक्रमात सोमवारी लेखकानं रकियाचा भाग स्वतः वाचायचा होता. पानं निवडायला मी आयुष्यात पहिल्यांदा माझं छापलेलं पुस्तक उघडलं. एकाहत्तराव्या पानावर रकिया आली. पुढची ऐंशी पानं मी उभ्यानंच वाचली. त्यातली एक ओळही माझी नव्हती.

तलातूकडे धावलो. ती शांतपणे म्हणाली, "मधल्या तीन वह्यांत तुमचं अक्षर एकदम सुधारलं, तेव्हा वाटलं कुणाकडून उतरवून घेतलंत. रकिया आली तेव्हा वाटलं, नायकानं दुसरी केली. आपल्याकडे त्यात विचारायचं काय?"

"आणि नवऱ्याचं नाव? ते वेगळं नाही आलं कुठे?"

"रकिया घरंदाज बाई आहे, मालम. स्वतःच्या तोंडानं नवऱ्याचं नाव कशी घेईल?"

तिथून इनुवाकडे गेलो. तो साच्यावर टोपी ताणत होता.

"तू प्रुफं तपासलीस ना?"

"तपासली. तुझ्या भागात चाळीस चुका, माझ्या भागात सहा."

"मग बोलला का नाहीस?"

"गोष्टीबद्दल बोलायचं नाही. नियम कुणाचा?" त्यानं टोपीची सुरकुती काढली. "शिवाय मला वाटलं, तू हात फिरवणं म्हणतोस ते हेच. माझी गोष्ट स्वतःच्या पायावर उभी राहण्यासारखी असती तर तू ती तुझ्या पुस्तकात कशाला घातली असतीस? उरलेल्या दोन वह्या शेंगदाणेवालीला देणार आहे, पुड्यांना."

"अजून दिल्या नाहीस ना?"

"ती मंगळवारी येते."

"इनुवा, मी तुझ्या वह्या उघडल्याच नव्हत्या."

"दोन महिने?"

"दोन महिने."

त्यानं टोपी खाली ठेवली. "म्हणजे वाईट आहे, असं तू म्हणालाच नाहीस."

"वाचल्याशिवाय कसा म्हणणार?"

तो बराच वेळ हसला. म्हणाला, "तुझ्या आळसानं आज पहिल्यांदा कुणाचं तरी बरं केलं." त्या दोन वह्या मी तिथेच काखोटीला मारल्या.

रविवारी मंडळात कबुलीसाठी उभा राहिलो. गुडघा बाकात अडकल्यामुळे अर्धाच उभा राहिलो. मोठं भाषण पाठ केलं होतं. पहिल्याच वाक्याला हाजिया म्हणाल्या, "बसा, मालम. आम्हाला ठाऊक आहे."

"कसं?"

"एकाहत्तराव्या पानापासून पुढे ऐंशी पानं कुणी रडत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही कधी बोलता ते बघत होतो. मी ईदपर्यंत म्हटलं होतं. तलातू म्हणाली, कधीच नाही." तलातूनं मान खाली घालून कोसई तोंडात टाकली.

सोमवारी रेडिओवर इनुवानं वाचलं. मी काचेबाहेर बसलो होतो. निवेदिकेनं मला आत बोलावून दोन शब्द बोला म्हटलं, तेव्हा सांगितलं की पुस्तक माझ्या नावाचं आहे, वाचण्यासारखा भाग यांचा आहे.

पाचही वह्यांचं पुस्तक इनुवाच्या नावानं निघालं. तलातूनं टंकलेखन केलं, हाजियांनी मुखपृष्ठाला भाची दिली, प्रुफं मी तपासली. माझ्या कादंबरीची नवी आवृत्तीही निघाली, रकिया वजा करून. ती आता फार सडपातळ दिसते.

काल बाजारात पुस्तकांच्या गल्लीत एका बाईनं ती उचलली आणि दुकानदाराला विचारलं, "यात रकिया आहे का?" दुकानदारानं अवघडून माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणालो. इनुवाचं पुस्तक दुसऱ्या थप्पीत तळाशी गेलं होतं. ते उपसून मी तिच्या हातात दिलं.

"तुम्ही वाचलंय?" तिनं संशयानं विचारलं.

"दोनदा," मी म्हणालो. हे खरं होतं, तरी मला लाजल्यासारखं झालं.