मामांचा माळा

आमच्या ताईच्या सासऱ्यांइतका माळ्यांचा सोस असलेला माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत दुसरा झाला नसेल. कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी ते मान वर करून माळा बघत, एखादी फळी ठोकत आणि घरधन्याला विचारत, "वर काय टाकलंय? टिकतंय किती?" ताई त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही मामाच म्हणायचो. ते मात्र मला शेवटपर्यंत 'पावणं'च म्हणत राहिले. ताईला बघायला ते पिंपळवंडीला आमच्या घरी आले तेव्हा मुलीला एक प्रश्न विचारला नाही, पण माळ्यावरच्या गोणपाटात हात घालून ओल चाचपून बघितली. वडिलांना वाटलं, हा माणूस आमच्या घरात काय काय आहे ते मोजतोय. ते दोन दिवस घुश्शात होते.

मामा घाटघरचे. तिथला पाऊस ज्याने बघितला नाही त्याला हे वेड कळायचं नाही. जूनपासून धुकं सरळ घरात येऊन बसतं, मिठाचं पाणी होतं, काड्यापेटी तांदळात पुरून ठेवावी लागते. पाऊस संपला की थंडी, आणि थंडीत पत्र्याला आतून घाम फुटतो तो रात्रभर अंथरुणावर टपटपतो. म्हणून पत्रा आणि माणूस यांच्या मधे, माळ्यावर, जाड आणि कोरडं असं काहीतरी घालावं लागतं. पिढ्यान् पिढ्या तिथे भाताचा पेंढा घालत आले. खाली चूल पेटायची, धूर वर जायचा, पेंढ्याला ना ओल लागायची ना कीड. एकदा घातलेला पेंढा वर्षानुवर्षं तसाच राहायचा.

मामींना दम्याने धरलं आणि हे सगळं बिघडलं. जुन्नरच्या डॉक्टरांनी सांगितलं, धूर बंद आणि ओलही बंद. डॉक्टरांना काय, दोन्ही एका दमात सांगून झालं. घाटघरात ओल घालवायला धूर लागतो, हे त्यांना कोण सांगणार? मामांनी घरी येऊन त्याच दिवशी चूल फोडली, माती उकिरड्यावर टाकली आणि जीपवाल्याच्या हातापाया पडून गॅसची टाकी वर आणली. त्या पावसाळ्यात माळ्यावरचा पेंढा काळा पडला, त्याला बुरशीचा वास सुटला आणि मामींचा खोकला दुप्पट झाला. आमची सोयरीक त्यानंतरची. आम्ही ज्याला वेड म्हणून हसायचो ते तिथून सुरू झालं होतं.

मग त्यांनी काय काय वर चढवलं नाही! लाकडाचा भुसा घातला, त्याचा एका पावसाळ्यात लगदा झाला. जुन्या गोधड्या घातल्या, त्या पाणी पिऊन इतक्या जड झाल्या की फळीच वाकली. कुठल्याशा मोडीत निघालेल्या शीतगृहातून काचेची लोकर आणली. घरभर सगळे आठ दिवस खाजवत होते. मी तक्रार केली तर म्हणाले, "पावणं, थंडी वाजली का? न्हाई ना? खाजवून अंग गरम ऱ्हातंय." पण तीही ओल लागल्यावर चपटी होऊन बसली, ती पुन्हा फुगली नाही. प्रत्येक वस्तूचं आयुष्य ते पावसाळ्यांत सांगत, आणि ते सांगताना त्यांचा आवाज कुणी नातलग गेल्यासारखा खाली येत असे.

थर्माकोलची तर कथाच आहे. घोडेगावला एका लग्नात मामा जेवण झाल्यावरही हलेनात. मांडव उतरेपर्यंत थांबले, नवरा-नवरीच्या मागचा थर्माकोलचा भला मोठा पडदा मागून घेतला आणि एसटीच्या टपावर बांधून घरी नेला. तो त्यांनी मामींच्या खाटेवर, माळ्याच्या फळ्यांना खालून ठोकला. त्यावरच्या नावांची अक्षरं खालच्या बाजूला. मी विचारलं तर म्हणाले, "वर ठेवून काय उंदरांनी वाचायची?" त्यामुळे मामी रोज डोळे उघडल्यावर 'संतोष' आणि 'मंगल' अशी दोन परकी नावं वाचत. एकदा मला म्हणाल्या, "ह्या दोघांचं बरं चाललं असंल का रं? लई काळजी वाटती." थर्माकोल कुजला नाही, पण उंदरांनी वरून पोखरून त्यात बाळंतपणं उरकली, आणि मंगलचा 'ल' एक दिवस मामींच्या उशीवर पडला.

ताई आणि भाऊजी घोडेगावला राहायचे, नोकरीमुळे. तिथे ऊन होतं, दवाखाना होता. ताई दर खेपेला मामींच्या मागे लागायची, आमच्याकडे चला. मामी म्हणायच्या, "ह्यांचा माळा व्हऊ दे, मंग येते." आणि मामा माळा करत होते तो मामींसाठी! मला तेव्हा दोघांचाही राग यायचा. आता फक्त वाईट वाटतं.

शेवटी भाताच्या तुसाने जमवलं. मामांनी ते कढईत भाजून खताच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत शिवलं आणि मधून वारा फिरेल अशा बेताने पिशव्या रचल्या. ते दोन पावसाळे कोरडं राहिलं, तर मामीच ताईला म्हणाल्या, "आता घरच कोरडं झालंय, तिकडं कशाला येऊ?" तिसऱ्या पावसाळ्यात, बाहेर हात दिसू नये असं धुकं असताना, मामी त्या कोरड्या माळ्याखाली गेल्या. छातीने तोवर फार सोसलं होतं.

दहाव्याला माणसं बरीच आली. एका गॅसवर एवढा स्वयंपाक होईना आणि बाहेर पाऊस कोसळत होता. म्हणून बायकांनी घरातच, जुन्या चुलीच्या जागेवर, तीन दगड मांडले. ताई काडी ओढणार तेवढ्यात मामा कोपऱ्यातून उठून आले. रागावले नाहीत. दगडांपाशी उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "आत नको, पोरी. धूर व्हतो. तिला सोसत न्हाई."

बायकांनी दगड उचलून अंगणात नेले. मी आणि भाऊजींनी ताडपत्रीची दोन टोकं धरली, पाऊस बाहीतून आत शिरत राहिला, आणि ताईने तिथे भात शिजवला.