सुझ्दलच्या घरातला केर

सुझ्दलला राहायचं कुठे, असं मला कुणी विचारलं तर मी हॉटेलचं नाव सांगत नाही. हॉटेलं छान आहेत, एक तर जुन्या मठाच्या आवारातच आहे. पण तिथून चर्चचे घुमट दिसतील, गाव दिसणार नाही. त्यापेक्षा लाकडी घरातली एखादी खोली घ्या. खिडक्यांच्या चौकटींवर नक्षी असते, मागे काकड्यांचा मळा असतो, आणि घरमालकीण तुमच्यावर बारीक लक्ष ठेवून असते. त्या लक्ष ठेवण्याचा आधी जाच होतो, मग सवय होते.

आम्ही गेलो तेव्हा तोक्योहून मॉस्कोला थेट विमान होतं. मी, नवरा आणि आठ वर्षांची लेक. आम्ही दोघंही तोक्योच्या तोयोसु भागात राहणारे, आयटीतले, त्यामुळे रशियातल्या या जुन्या गावाची सहलही नवऱ्याने एक्सेलमध्ये आखली होती, अर्ध्या अर्ध्या तासाची. पहिला दिवस त्याबरहुकूम झाला. निळ्या घुमटांवर सोनेरी चांदण्या मिरवणारं चर्च, नदीपलीकडच्या लाकडी पवनचक्क्या, मठातल्या घंटा, सगळं वेळेत पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लेक तापाने फणफणली आणि एक्सेल बसलं बोंबलत.

घरमालकीणबाई सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला रशियन. मध्ये फोनमधलं भाषांतर. पण तापाला भाषांतर लागत नाही. त्यांनी रास्पबेरीचा मुरांबा गरम पाण्यात ढवळून लेकीला पाजला, तिच्या पायांत लोकरीचे मोजे चढवले आणि मला खुणेनेच सांगितलं, तू झोप. परक्या देशात आजारी मूल घेऊन बसलेल्या बाईला ‘तू झोप’ म्हणणारं कुणी भेटावं, याला मी अजूनही भाग्य म्हणते. दोन दिवस त्या लेकीच्या उशाशी बसल्या. आम्ही शाकाहारी म्हणून आमच्यासाठी बटाटे शिजवले, मशरूम परतले, धिरड्यांसारख्या ब्लिनी घातल्या. लेक त्यांना जपानीतून ‘ओबाआचान’, म्हणजे आजी, म्हणायला लागली आणि त्याही ओ द्यायला लागल्या.

ताप उतरला आणि निघायचा दिवस आला. या बाईंचे आभार मानायचे तरी कसे? जपानमध्ये इतकी वर्षं काढल्यावर आमच्या अंगात एकच रीत मुरली होती: जागा सोडताना होती त्याहून स्वच्छ करून सोडायची. लेकीच्या शाळेत तर वर्ग मुलंच झाडतात. तिने कोपऱ्यातला झाडू हेरला. मी चादरी काढून घड्या घातल्या. घरी कधी फडक्याला हात न लावणाऱ्या नवऱ्याने जमीन पुसायला घेतली. कचरासुद्धा प्लास्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या असा बांधला. अगदी स्वतःवर खूश होतो आम्ही.

बाई निरोप द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. चेहरा पांढराफटक. पुढे होऊन त्यांनी लेकीच्या हातातला झाडू काढून घेतला. मला वाटलं, आपलं घर आम्हाला अस्वच्छ वाटलं असं समजून त्या दुखावल्या. मी फोन पुढे केला. त्या हळू आवाजात बोलल्या आणि पडद्यावर मराठी उमटलं, ‘माणूस निघताना केर काढत नाहीत. त्याची परतीची वाट पुसली जाते. मुलगा गेला त्या दिवशी मी लगेच जमीन पुसली होती. तो परत आला नाही.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे सांगायला मला रशियातलं माणूस कशाला हवं होतं? पुण्यात माझी आई हेच म्हणायची. घरातलं कुणी गावाला निघालं की मागे केरसुणीला हात लावू द्यायची नाही. आम्ही भावंडं तिची टर उडवायचो. जपान्यांची शिस्त शिकता शिकता मी आईची शिस्त विसरून बसले होते.

माझा नवरा असलं काही मानत नाही. पण त्या दिवशी तोच म्हणाला, “अगं, विचार त्यांना, आता काय करायचं?”

बाई आत जाऊन काळा पाव घेऊन आल्या. आम्हाला तिघांना पलंगावर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसल्या. पाव मोडून एकेकाच्या हातात दिला. खा, म्हणाल्या, आणि सांडा. लेक जपानी वळणाची, तिने सवयीने हनुवटीखाली तळहात धरला. बाईंनी तो हलकेच बाजूला केला. चुरा पुसलेल्या जमिनीवर पडला. मग प्रवासाला निघण्याआधीच्या तिथल्या रीतीप्रमाणे सगळे मिनिटभर तसेच बसलो, त्यांनी लेकीच्या कपाळावर ओठ टेकले आणि आम्ही निघालो. गाडीत बसल्यावर मला रडू आलं.

तोयोसुला आलो आणि संसाराच्या रहाटगाडग्याला जुंपलो. ऑफिस, कपड्यांचे ढीग, शाळेच्या चिठ्ठ्या. नवव्या दिवशी संध्याकाळी स्टेशनवर उभी असताना एकदम लक्षात आलं की बाईंना पोचल्याचं कळवलेलंच नाही. तिथल्या तिथे फोनवर रशियन करून पाठवलं, ‘आम्ही सगळे सुखरूप पोचलो. कळवायला उशीर झाला, माफ करा.’

गाडी यायच्या आत उत्तर आलं.

‘देवाची कृपा. आता तुमच्या खोलीचा केर काढते.’