बिनमागाची जमीन

तमाम सज्जनहो, पागोटी सारखी करून बसा. आज एका अत्यंत गंभीर बाबीचा जाहीर निकाल सांगणार आहे. बाब दोन मिशांची आहे. एक सोनाळ्याच्या गणुजींची, पांढरी, झुबकेदार. दुसरी त्यांच्या पोराची, शिपाई संपतची. तिला मिशी म्हणायला मन मोठं लागे. दोहोंपैकी एक उतरायची ठरली होती, आणि निकाल घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं.

गणुजी माग काढणारे. सातपुड्याच्या पायथ्याला कुणाचा बैल चोरीला गेला की त्यांना बोलावणं यायचं. मुरमावर, खडकावर, कोरड्या नाल्यातसुद्धा त्यांना खूर दिसे. रजेवर गेलेल्या संपतने त्यांना बर्फाचं सांगितलं.

"आबा, रातीतून सारे पाय पुसून जातेत. तिथी तुमचं काही चालत नाही."

"मले माग सापडनार नाही अशी जमीन देवानं केलीच नाही. कोऱ्या बर्फाचा फोटो आन. त्यात माग सापडला तर तू मिशी उतरव. नाही सापडला तर मी."

आमचं पोस्ट उत्तर सरहद्दीच्या डोंगरात होतं. सोळा माणसं, एक सुभेदार, ऊब द्यायला एक बुखारी, म्हणजे लोखंडी शेगडी. काम टेलिफोनची तार राखायचं. मी पिंपळगाव राजाचा, हुद्दा नाईक, लाइन पार्टीचा प्रमुख. साऱ्या पोस्टवर वऱ्हाडी मी आणि संपत, दोघंच. घरी पत्र पाठवताना दोघंही पत्त्याच्या शेवटी 'सी. पी. अँड बेरार' असं ठसठशीत लिहायचो, म्हणजे डाकवाला तरी आम्हाला ओळखेल. दोघंच असलो की हुद्दा बाजूला राहत असे.

सहाला चहा, साडेसहाला रायफल तपासणी, सातला पार्टी बाहेर. बर्फात चालायचा हुकूम एकच होता. एकामागे एक, पुढच्याच्या पावलात पाऊल.

बदलीवर जाणाऱ्या एका कॅप्टनने संपतला जुना बॉक्स कॅमेरा देऊन टाकला होता. एका रोलात आठ फोटो. बुखारीजवळ ठेवला की काच धुरकटते, हे कळल्यावर तो कॅमेरा दाराबाहेर ठेवू लागला. एकदा पहाऱ्यावरच्या शिपायाने त्या काळ्या डब्याला "हॉल्ट!" म्हणून दरडावलं. ओठ फुटू नयेत म्हणून मिळणारं व्हॅसलीन संपत मिशीला लावी. सहा फोटो झाले, आणि बटण दाबल्यावर दर वेळी काहीतरी दिसून सहाही वाया गेले. एकात खेचराचे खूर, एकात कोल्ह्याची पावलं, एकात सुभेदारसाहेब स्वतः.

त्या दिवशी बर्फ पहाटे थांबलं. सातला आम्ही पाच जण निघालो. आठ दहाला खिंडीवर पोहोचलो. समोर वाटीसारखं मैदान, एका बाजूला कडा. आमची वाट सरळ मधून जायची. सूर्य समोर होता.

"पाह्य ना बे नाईक! एक पाय नाही."

"घे इथूनच फोटो, अन् चाल."

"सूर्य डोळ्यात हाय. सारं काळं येईल. पल्ल्याड जा लागते."

"मंधातून गेला त तूच माग करशीन."

"मंधातून काऊन? बांधानं जातो. तुमी दगडामांगं बसा, तोंडं दाखवू नोका."

कड्याच्या काठाने खरोखरच बांधासारखी उंच कड दिसत होती. आमच्याकडे शेत तुडवायचं नसेल तर बांधावरून जातात. शेतातली सगळ्यात पक्की जागा ती. दोघांच्याही पायांना हे लहानपणापासून ठाऊक. ही कड मात्र वाऱ्याने कड्याबाहेर रचलेल्या बर्फाची होती. तिच्याखाली काही नव्हतं.

हुकूम मला पाठ होता. मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, "दहा मिनिटं."

ते शब्द माझे आहेत. दुसऱ्या कुणावर टाकता येत नाहीत.

तो पलीकडे पोहोचला. फोटो घेतला, हात वर केला. मी ओरडलो, "आता मंधातून ये!"

"तुडवू काय बे? अजून एक फोटो उरला हाय!"

हसत हसत तो परत बांधाला लागला. अर्ध्यावर कड तुटली. आवाज मोठा नव्हता, पोतं टाकल्यासारखा. आठ एकतीस.

मी टेलिफोन तारेला जोडला.

"पोस्ट, लाइन पार्टी."

"बोलो."

"एक आदमी नीचे गया, साहब."

"कौन?"

"संपत."

सुभेदारसाहेब म्हणाले, "रस्सी भेजता हूँ. किनारे पर कोई नहीं जाएगा. गिनती बोलो."

"चार, साहब."

खालच्या नाल्याने जाऊन बारा चाळीसला तो सापडला. कॅमेरा कोटाच्या आत होता, शाबूत. मिशीवर बर्फ धरलं होतं. ते मी रुमालाने पुसलं.

चैत्रात मला रजा मिळाली. रोल खामगावला धुवून घेतला आणि सोनाळ्याला गेलो. संपत गेल्याची तार आधीच पोहोचली होती. काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. टेलिफोनची लाइन तपासताना पाय घसरला, एवढंच. बांध नाही, दहा मिनिटं नाहीत.

गणुजींनी सहा फोटो बाजूला सारले. सातवा हातात धरला. पांढरं मैदान, दुसरं काही नाही. त्यांचा हात मिशीकडे गेला.

"हरलो वाटते," ते पुटपुटले.

मग जमिनीवर उन्हाच्या तिरपेने पाहतात तसा त्यांनी फोटो तिरपा केला. कोपऱ्यात, कडेकडेने, टाके घातल्यासारखी पुसट ओळ होती. तिच्यावर त्यांनी नख ठेवलं.

"हा जाऊन राह्यला. डावा पाय भायेर टाकते. माहाच पोरगा हाय." नख ओळीवरून पुढे सरकलं, मग मागे आलं. "येनारा माग कुठी हाय?"

माझं ठरवलेलं तिथेच संपलं. मी सगळं सांगितलं. बांध सांगितला, हुकूम सांगितला, दहा मिनिटंही सांगितली. संपतची आई दाराची चौकट धरून उभी होती. मी मान खाली घालून शिव्यांची वाट पाहत होतो.

गणुजींनी एकदम मांडीवर थाप मारली. फोटो डोळ्यांसमोर धरून ते मोठ्याने ओरडले, "सापडला ना पन! हरला बे संपत, उतरव मिशी!"