फक्त प्रौढांसाठी

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक आख्खी पाटी वाचली आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

साल नव्व्याण्णव. मी इंदापूरची लेक, पणदऱ्याची सून आणि प्रौढ साक्षरता वर्गाची बाई. वर्ग आमच्याच ओसरीवर भरायचा. बाहेर माझ्या वळणदार अक्षरात पाटी : 'फक्त प्रौढांसाठी'. (नाहीतर गावची पोरं खडू पळवत!) एमआयडीसीत कामाला जाणारे तरणे गडी पाटीपाशी मोटारसायकल हळू करून आत डोकवायचे. आत अकरा बायका 'कमळ' गिरवत बसलेल्या! मी अहवालात लिहिलं, 'युवकांमध्ये जिज्ञासा वाढत आहे.'

बाराव्या विद्यार्थ्याची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, तात्यांची, गाडी मात्र 'घर'पुढं सरकेना. ओसरी त्यांची, त्यामुळं हुकूमही त्यांचाच.

"सूनबाई, आज बारामतीत एक आख्खी पाटी वाचता आली तर वर्ग ऱ्हाईल. न्हाय आली, तर उद्यापासनं ओसरीवर पेंडीची पोती!"

बारामतीत दुपारपर्यंत एकही पाटी जमेना. मी मनातल्या मनात पोती मोजायला लागले. तेवढ्यात एका नव्या काचेच्या दुकानापाशी तात्या थबकले.

"फ... क्त... प्रौ... ढां... साठी! आगं, ह्यो तर आपलाच वर्ग!"

माझे डोळे भरून आले. वर 'इंटरनेट' लिहिलेलं होतं. वा! सरकार आता कॉम्प्युटरवर शिकवायला लागलं तर! मी तात्यांना घेऊन थेट आत.

"काय पायजे, तात्या?" दुकानदारानं विचारलं.

"प्रौढांचं दावा."

त्यानं तात्यांच्या पटक्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "बाई... तुमच्यासमोर?"

"अहो, तीन महिने मीच तर शिकवतेय त्यांना! आणखी अकरा बायका आहेत, त्यांनाही आणते. फुकटच असेल ना?"

आतली दोन गिऱ्हाइकं उठून उभी राहिली. (मला वाटलं, आदरानं!)

दुकानदाराला घाम फुटला. "बाई, हळू बोला! तसलं हितं काय न्हाय. पोरांनी वंगाळ बघू न्हाय म्हणून कायदा येतोय म्हणं. पोरं आत दिसली तर दुकानाला टाळं! म्हणून लावलीय पाटी."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तात्यांचं कुतूहल मात्र आता कुठं जागं झालं होतं.

"पोरांनी बघितलं तर वंगाळ. मंग मोठ्यांनी बघितलं तर चांगलं कसं काय?"

मी तात्यांना हात धरून बाहेर ओढलं. मेले लाजेनं!

एसटीत तात्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. गेला माझा वर्ग, मी मनात म्हटलं. पणदरं आल्यावर ते बोलले.

"वर्ग ऱ्हाईल. वाचली म्हंजी वाचली. पर मला ती जमली कशी, सांगू? रोज आपल्या ओसरीवर बघतोय की!"

मी पळत जाऊन पाटी पुसली.

दुसऱ्या दिवसापासून मोटारसायकली सुसाट जाऊ लागल्या. पुढच्या अहवालात मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'युवकांमधील जिज्ञासा अचानक आटली. कारण बाईंना उशिरा समजले.'