सेनापतीचा डाग

पंधराव्या वर्षी माझ्या डाव्या मनगटावर पहिला पांढरा डाग आला. वर्षभरात दुसरा आला, ओठाच्या कोपऱ्यावर. डॉक्टरांनी आईबाबांना समोर बसवून सांगितलं की हे कोड आहे, ते स्पर्शाने लागत नाही, दुखत नाही, पोरीला काही त्रास नाही. बाबांनी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. घरी आल्यावर आईने माझं ताट वेगळं काढलं.

शेंदूरजनाघाटला आमची संत्र्याची बाग आहे. कोडाला आंबट चालत नाही असं कोणीतरी आईच्या डोक्यात भरवलं. अंगणात संत्र्यांचा ढीग लागलेला, गाडी भरायला माणसं आलेली, आणि मला एक फोड तोंडात घालायची बंदी. चुलत बहिणीच्या हळदीला काकूने मला सामानाच्या खोलीत बसवलं. म्हणाली, लग्नघरात चोऱ्या होतात, कोणीतरी घरचं पाहिजे. मी तीन तास बॅगांवर बसून राहिले. त्या काकूचा राग आता ओसरला. मी मुकाट्याने बसले, त्याचा राग अजून आहे.

बारावीनंतर क्लाससाठी अमरावतीला आले. खोलीत चार पलंग होते. पहिल्याच आठवड्यात दोन मुलींनी घरमालकीणबाईंना सांगून खोली बदलून घेतली. त्यामागचं कारण त्यांनी मला सांगितलं नाही, बाईंनी सांगितलं, तेही हसत. राहिली एक. ती बाळापूरची, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिच्या घरी भाजीपाल्याची शेती होती. ठरलेलं लग्न तिने स्वतः मोडलं होतं, कारण तो मुलगा साखरपुड्यानंतर तिचा फोन तपासायला लागला होता. तेव्हापासून गावात ती वाया गेलेली पोरगी होती. घरचे तिच्याशी कामापुरतं बोलत. खोली रिकामी झाली त्या दिवशी तिने आपली गादी उचलून माझ्या शेजारच्या पलंगावर टाकली आणि म्हणाली, "बरं झालं. पंखा आपल्या दोघींचाच."

तिच्याकडे जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेली एक जाडजूड इंग्रजी कादंबरी होती. माझं इंग्रजी तेव्हा कच्चं होतं. दुपारी मेसचा डबा खाऊन झाला की ती दोन-चार पानं मनात वाचायची आणि मला वऱ्हाडीत सांगायची. गोष्ट अशी : एका राणीच्या राज्यात ज्या मुलींच्या अंगावर काही खूण असेल त्यांना वेशीबाहेर काढतात. कुणाला सहा बोटं, कुणाचा एक डोळा निळा. नायिकेच्या अर्ध्या गालावर राखाडी डाग. या मुली डोंगरात जमतात, लढायला शिकतात आणि त्यांची फौज तयार होते. डाग असलेली मुलगी त्यांची सेनापती होते.

मैत्रिणीने त्या डोंगराचं मेळघाट करून टाकलं होतं. तलवारींच्या जागी विळे आणि गोफणी आल्या होत्या. राणीचा सरदार सेनापतीला अडवून विचारायचा, "काहून व, कुठं चालली?" मी पोट धरून हसायचे. पण त्या मुली एका ताटात जेवतात हे तिने सांगितलं त्या दुपारी मला हसू आलं नाही. शेवट तिने असा सांगितला : लढाई जिंकल्यावर सेनापती आपल्या गावच्या वेशीशी येते, तोंडावरचं फडकं काढते, डाग जसाच्या तसा, आणि म्हणते, उघडा दार.

दोन महिन्यांनी ती घरी गेली असताना मी शब्दकोश घेऊन ते पुस्तक स्वतः वाचायला बसले. शेवटच्या प्रकरणाशी पोचायला पंधरा दिवस लागले. तिथे एक दिव्य प्रकाश येतो, सेनापतीच्या गालावरचा डाग पुसला जातो, सगळे तिच्या रूपाकडे बघत राहतात आणि मग दार उघडतं. मी ते पान तीन वेळा वाचलं, माझं इंग्रजी चुकत असेल म्हणून. चुकत नव्हतं. चारशे पानं लढवून शेवटी तिला गोरी-गोमटी करूनच घरात घेतलं होतं. मी ते पुस्तक भिंतीवर फेकलं. त्याचा पुठ्ठा सुटला.

मैत्रीण परत आली तेव्हा मी तिच्यावरच तुटून पडले. मले खोटं काहून सांगितलं, म्हणून. माझ्यावर दया करायची काही गरज नव्हती, हेही बोलले. तिने शांतपणे पुठ्ठ्याला चिकटपट्टी लावली.

"दया कोणी केली?" ती म्हणाली. "मले तो शेवट पटला नाही. म्हणून मी तो सांगितला नाही."

त्याच हिवाळ्यात थोरल्या बहिणीचा साखरपुडा अकोल्याला ठरला. आईने फोनवर बजावलं की पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घाल, आणि ओठावर लावायला तिने कसलंतरी क्रीमही मागवलं होतं. मी अर्ध्या बाह्यांचा घातला. क्रीम लावलं नाही. मुलाच्या मावशीने माझं मनगट धरून हे काय म्हणून विचारलं. बाबा पटकन म्हणाले, लहानपणी अंगावर चहा सांडला होता.

"चहा नाही सांडला," मी म्हटलं. "कोड हाये."

मग मुलाची आई आणि वहिनी माझ्या आईशी कुजबुजल्या आणि माझ्या बहिणीला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. दार लावलं. तिचं अंग तपासायला. आईही आत गेली. बाबा बाहेर हात जोडून उभे होते. दहा मिनिटांनी बहीण पदराची पिन लावत बाहेर आली. तिने कोणाकडेच पाहिलं नाही. मावशी हसून म्हणाली, सगळं ठीक आहे, चला.

मी विचारलं, "आणि सापडलं असतं तं?"

बहीण दात आवळून मला म्हणाली, "तू आता गप बस." अंगठ्या घातल्या गेल्या, पेढे वाटले गेले. मी जेवले नाही. एकटी बसने अमरावतीला परत आले.

लग्न झालं. बहीण दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही. आता बोलते, दिवाळीला बोलावते, पण तिचं म्हणणं कायम आहे : त्या दिवशी तू गप राहिली असती तर मला त्या खोलीत जावं लागलं नसतं. हे खरं आहे. मी त्यावर वाद घालत नाही. तिला मी एवढंच म्हणते की तुझं अंग मी नाही तपासलं, ज्यांनी तपासलं त्यांना तू रोज चहा करून देतेस. मग ती फोन ठेवते. चार-सहा दिवसांनी तिचाच पुन्हा येतो.